मिलिट्री डिस्पोजलच्या गाड्या आणि स्केल मॉडेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कोथरूडला माझ्या टेबलाभोवती चार-सहा जण जमतात. त्यात एखादा इंजिनीअरिंगचा पोरगा असतो, एखादे निवृत्त सुभेदारसाहेब असतात आणि एखादी आई दहावीतल्या मुलाला घेऊन आलेली असते. मॉडेल बघून झालं की प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच असतात. दर वेळी ब्रश हातातून खाली ठेवावा लागतो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

रणगाडे आणि विमानं सोडून भंगारातली जीप कशाला करायची?

रणगाडे करायला माझी ना नाही. मीही वीस वर्षं तेच केलं. पण जर्मन टायगर मी कधी रस्त्यावर पाहिलेला नाही. तो करायचा म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या फोटोवरून. डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं बाद करून विकलेली जीप मात्र पौड रस्त्यानं निघालात तर आजही एखादी दिसते.

अशीच एक पिरंगुटच्या पुढे पिठाच्या गिरणीसमोर उभी होती. समोरच्या जाळीच्या फटी मोजल्या तर नऊ भरल्या, म्हणजे अस्सल दुसऱ्या महायुद्धातली. वरून निळा रंग, तोही ब्रशनं मारलेला. ड्रायव्हरच्या पायाखालच्या काठावर निळा उडून खाली हिरवा दिसत होता, आणि हिरवाही जिथे गेला होता तिथे तांबूस प्रायमर. डाव्या अंगाला कुऱ्हाड-फावडं अडकवायच्या जागी पहार खोचलेली. बोनेटच्या बिजागरीत पीठ साचून पावसानं त्याची खळ झालेली. मी बंपरवरून हात फिरवला तर निळ्या रंगाखाली जुन्या मिलिट्री नंबराची कड बोटाला लागली. तिरक्या उन्हात त्या नंबरातल्या बाणाचं टोकही दिसलं. गिरणीतून मालक बाहेर आले आणि म्हणाले, "काय बगताय येवढं? इकायची न्हाय."

असल्या गाडीला दोन आयुष्यं असतात. पहिलं कारखान्यात ठरतं आणि हजारो गाड्यांचं अगदी सारखं असतं. दुसरं कुठल्या तरी मेस्त्रीच्या हातून ठरतं आणि ते त्या एकाच गाडीचं असतं. मॉडेलमध्ये दोन्ही दिसायला हवीत, एवढाच माझा हट्ट. पुढची सगळी उत्तरं त्या हट्टातूनच आली आहेत.

पहिली कुठली गाडी घेऊ?

विलीज जीप, १/३५, म्हणजे खरीच्या पस्तिसाव्या भागाएवढी. तामिया या जपानी कंपनीचा किट सहज जुळतो, भाग कमी आहेत आणि चूक झाली तरी फार पैसे बुडत नाहीत. विलीज आणि फोर्ड मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीपा निघाल्या. युद्ध संपल्यावर त्या जगभर विखुरल्या. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली. त्यामुळे आपल्या रस्त्यावर दोन्ही कुळांच्या जीपा धावल्या, लढाईतून आलेल्या आणि माझगावात जोडलेल्या.

किट उघडला की एक गोष्ट करू नका. डिस्पोजलची करायची म्हणून मिलिट्रीचे भाग सुरुवातीलाच फेकू नका. आधी कागदावर का होईना, पूर्ण लष्करी जीप डोळ्यासमोर आणा. मग मेस्त्रीनं काय काढलं, काय कापलं आणि काय आळसानं तसंच ठेवलं ते ठरवा. जेरीकॅनचा स्टँड काढला, तर मागच्या पत्र्यावर बोल्टांची भोकं राहतील. ती भोकं पाडा. अर्धा मिलिमीटरचं ड्रिल बिट पुरतं. नव्या मंडळींच्या मॉडेलमध्ये नेमकी हीच भोकं नसतात, आणि मग ती जीप शोरूममधून आल्यासारखी दिसते.

विलीज कुठली आणि महिंद्रा कुठली, ओळखायचं कसं?

लढाईतल्या जीपच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात आणि हेडलाइट आत दबलेले, लहान. १९४५ पासून आलेल्या नागरी सीजे-२ए मध्ये फटी सात झाल्या आणि हेडलाइट मोठे होऊन पुढे आले. लढाईतल्या जीपला मागे उघडणारा फाळका नाही, स्टेपनी मागच्या पत्र्यावरच असते. नागरी जीपला फाळका आला, म्हणून स्टेपनी बाजूला गेली. आपल्याकडे वर्षानुवर्षं दिसलेली महिंद्रा म्हणजे सीजे-३बी. तिचं बोनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच. कपाळ मोठं असलेल्या माणसासारखी ती लांबूनही ओळखू येते.

या झाल्या पुस्तकी खुणा. प्रत्यक्षात आपल्या मेस्त्र्यांनी एकीचं बोनेट दुसरीला, दुसरीची जाळी तिसरीला असं इतकं केलंय की शुद्ध जात सापडणं कठीण. मॉडेलवाल्याला ही चैनच आहे. कोणी "हे चुकलंय" म्हणालं तर "मेस्त्रीला विचारा" म्हणायचं. पण त्या मिश्रणामागे कारण हवं. नुसतं तुमच्याकडे सुटा भाग पडून होता म्हणून लावला, असं नको.

आणखी एक. लढाईतल्या जीपा डाव्या स्टिअरिंगच्या. त्यामुळे मागच्या पत्र्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेलं असे. मॉडेलवर हे हातानंच लिहा आणि थोडं वाकडं लिहा. छापील डिकल, म्हणजे चिकटवायची अक्षरं, लावलं की मजा जाते.

जोंगा करायची आहे. किट कुठला?

२०१९ मध्ये धोनीनं जोंगा घेतली, तेव्हापासून दर महिन्याला हा प्रश्न येतो. जोंगा म्हणजे निसानची पेट्रोल ६० ही गाडी. 'पेट्रोल' हे गस्त या अर्थानं, इंधन नव्हे. १९६९ पासून तीस वर्षं ती जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, याची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी आणि तेही पेट्रोलवर चालणारं इंजिन. सरकार टाकी भरत होतं तोवर ठीक होतं.

लिलावातून ती शेतकऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या हाती आली की पहिलं काम ठरलेलं, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं. बाहेरून बोनेट तेच, आत भलतंच. मॉडेलमध्ये हे दाखवायचं असेल तर बोनेट उघडं ठेवायलाच हवं असं नाही. सायलेन्सरची नळी मूळ जागेवरून हलवा, नव्या जागी टोकाला काळी काजळी द्या, आणि चेसिसवर वेल्डिंगचे ओबडधोबड टाके दाखवा. टाक्यांसाठी एम-सीलची दोऱ्यासारखी वळी करून ओली असतानाच सुईनं टोचत जा. जाणकार माणूस खाली वाकून बघतो आणि हसतो. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालतं.

जोंगा स्वतःच घडवावी लागते. मी माझी प्लास्टिक शीट, बाद झालेली प्लास्टिकची ओळखपत्रं आणि एका जुन्या किटच्या चाकांतून केली. सात महिने लागले, त्यातले दोन नुसत्या जाळीला. मापं घ्यायची युक्ती पुढे दिली आहे.

शक्तिमान ट्रक?

जरूर करा, पण पहिलाच नको. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तो १९५९ पासून जबलपुरात बनू लागला आणि १९९६ पर्यंत बनत होता. हौदा लाकडी फळ्यांचा, म्हणजे प्रत्येक फळीचा रंग वेगळा, झीज वेगळी. कामाला मजा आहे, पण चिकाटी लागते.

१/३५ हे विचित्र प्रमाण कुठून आलं?

बॅटरीमुळे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामियानं पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि सेल बसतील एवढा आकार ठेवला, मग मोजून बघितलं तर मूळ रणगाड्याच्या साधारण १/३५ भरला. तेच पुढे रूढ झालं. जागा कमी असेल तर १/७२ करा. पण रंगाच्या थरांचा खेळ करायचा तर १/३५ पेक्षा लहान नको.

हिरवा रंग तसाच ठेवला तर?

तर ती डिस्पोजलची राहिली नाही, मिलिट्रीचीच झाली. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. खासगी मालकानं गाडी घेतली की रंग बदलायचाच. पण मालक पूर्ण पत्रा घासून कशाला बदलेल? दोन डबे रंग आणि एक ब्रश, काम संपलं. म्हणून या गाड्यांवर रंगांचा इतिहास थरांनी बसलेला असतो, आणि आपल्या कामाचा गाभाही तिथेच आहे.

माझी पद्धत सांगतो. सगळ्यात आधी तांबूस ऑक्साइड प्रायमर. तो वाळला की पूर्ण गाडी व्यवस्थित मिलिट्री हिरवी रंगवायची, बंपरवर नंबरासकट. ही पायरी गाळू नका. लष्करी नंबर म्हणजे वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, गाडीच्या वर्गाचं अक्षर आणि पुढे क्रमांक. हा नंबर मी जरा जाड रंगानं काढतो, म्हणजे वरून दुसरा रंग गेला तरी त्याची कड उठून राहते. पिरंगुटच्या बंपरवर बोटाला जी लागली, तीच ही कड.

मग हेअरस्प्रेचे दोन हात मारायचे. साधा, बाजारातला चालतो, सुगंधाशी आपल्याला कर्तव्य नाही. तो वाळला की वरून नागरी रंग, अॅक्रिलिकच. निळा, पिवळा, किंवा अँबॅसिडर गाड्यांवर असायचा तो मळकट पांढरा. वीस-पंचवीस मिनिटांनी जुना, आखूड केसांचा ब्रश कोमट पाण्यात बुडवून हलकेच घासायला लागा. पाणी आत शिरतं, हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग कपच्या-कपच्यांनी सुटतो. खाली हिरवा दिसतो. एखाद्या ठिकाणी टूथपिकनं आणखी खरवडलं की प्रायमर. गाडी रात्रभर तशीच ठेवलीत तर वरचा थर घट्ट बसतो आणि सकाळी घासघास घासलं तरी हलत नाही. हे मी दोनदा अनुभवलंय.

कुठे घासायचं याला डोकं लागतं. माणसाचे पाय, हात आणि ढुंगण जिथे लागतात तिथे. ड्रायव्हर डाव्या बाजूनं चढतो, म्हणून डावी कड उजवीपेक्षा झिजलेली. स्टेपनीच्या मागचा पत्रा मात्र जवळजवळ शाबूत, आणि तिथे ब्रश पोचलाच नाही म्हणून वर्तुळभर हिरवा राहिलेला. स्टेपनी न काढता रंग मारणारा माणूस तुमच्या मॉडेलमध्ये न दिसता दिसतो तो असा.

गंज कसा दाखवू? परदेशी पिगमेंट, म्हणजे रंगाच्या पावडरी, महाग आहेत.

गेरू आणा. कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतात तोच. वस्त्रगाळ करा, चिमूटभर घ्या, मऊ ब्रशनं पत्र्याच्या सांध्यांत भरा. एकट्या गेरूचा गंज फार लाल दिसतो, म्हणून त्यात थोडी काजळी आणि चिमूटभर हळदीच्या रंगाची पोस्टर पावडर मिसळा. खरी हळद नको, ती उन्हात उडते.

धुळीसाठी रांगोळीत गेरूचा अंश पुरतो. पुणे-सातारा भागातली धूळ पिवळट तपकिरी, कोकणात गेलात की तांबडी. गाडी कुठली ते चाकांवरून कळायला हवं. ग्राहक पेठेतल्या तांदळाची जात ओळखणारी आपली माणसं मातीचा रंग चुकवतात, याचं मला नवल वाटतं.

नंबर प्लेटचं माप काय?

चारचाकीच्या प्लेटची दोन मापं नेहमीची, ५०० बाय १२० मिलिमीटर आणि ३४० बाय २००. १/३५ मध्ये पहिली साधारण १४.३ बाय ३.४ भरते आणि दुसरी ९.७ बाय ५.७. अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर दोनालाही जरा कमी.

मापापेक्षा काळ सांभाळा. माझ्या पहिल्या जीपवर मी मोठ्या हौसेनं एमएच-१२ टाकलं आणि तिच्याशेजारी साठच्या दशकातला पेट्रोल पंप उभा केला. प्रदर्शनात एक आजोबा पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ, हा नंबर पंपापेक्षा लहान आहे." खरंच होतं. राज्याचं अक्षर आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या सुमाराची. त्याआधीच्या गाडीला जुनी अक्षरमाला हवी, आणि खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरे आकडे. एखाद्या घरच्या जुन्या फोटोत गाडी असेल तर त्यावरून घ्या. शेवटचे आकडे मात्र बदला, उगीच कोणाच्या गाडीचा खरा नंबर नको.

पुण्यात सामान कुठे मिळेल?

किट बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात. बाकी सगळं पेठांत आहे. बारीक कानशी, हातड्रिल, सँडपेपर यासाठी रविवार पेठेत बोहरी आळी. तापकीर गल्लीत वायरचा तुकडा घ्या, आतल्या तांब्याच्या तारा म्हणजे तुमच्या ब्रेक पाइप. तुळशीबागेत मिळणारी बारीक जाळी रेडिएटरला चालते. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. विकत काही घेतलं नाहीत तरी पन्नास वर्षं जुना पत्रा कसा सडतो याचं शिक्षण फुकट मिळतं. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे जीपचा खरा सुटा भाग हातात घेऊन बघता येतो. फक्त गर्दीच्या वेळी जाऊन "मॉडेलसाठी हवंय" म्हणू नका.

बोहरी आळीची एक आठवण सांगून ठेवतो. रंग पातळ करायला म्हणून मी तिथून साधा एनसी थिनर आणला आणि थेट जीपच्या बोनेटवर लावला. दहा सेकंदांत बोनेट तुपासारखं मऊ झालं, आणि माझा अंगठा त्यावर कायमचा उमटला. दुकानदाराची चूक नव्हती, त्यानं थिनर मागितला तर थिनर दिला. हा थिनर पॉलिस्टायरीन खातो. लोखंडी पत्र्यासाठी तो ठीक, आपल्या प्लास्टिकला लावू नका. ते बोनेट अजून टेबलावर आहे, नव्या पोरांना दाखवायला.

पत्रा फार जाड दिसतो, काय करू?

मोजा म्हणजे कळेल. अर्धा मिलिमीटरची प्लास्टिक शीट १/३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटर जाड होते. असा पत्रा रणगाड्यालाही शोभेल. दारं, मडगार्डच्या कडा आणि घरगुती टप यासाठी थंड पेयाच्या कॅनचा पत्रा वापरा, तो साधारण ०.१ मिलिमीटर असतो. कात्रीनं कापताना हातमोजे घाला, कड ब्लेडसारखी असते. हूडसाठी टिशू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा आणि ओला असतानाच सांगाड्यावर टाका. ताडपत्रीसारखा झोळ आपोआप येतो.

खरी गाडी मोजायची कशी? मालक वैतागतात.

आधी चहा, मग टेप. गाडीशेजारी फूटपट्टी किंवा लाल-पांढरी काठी उभी धरून चारही बाजूंनी समोरासमोर फोटो घ्या. झूम करून, लांबून. जवळून घेतलात तर बोनेट फुगतं. चाकाचा व्यास आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एवढं टेपनं मोजलंत की बाकी फोटोवरून काढता येतं. विलीजचं हे अंतर ८० इंच, म्हणजे १/३५ मध्ये ५८ मिलिमीटर. तुमचा हिशेब बरोबर आहे का ते यावर पडताळा.

खडकी, देहूरोड, दिघी या बाजूला लष्करी आवाराच्या भिंतीपाशी मोबाइल काढू नका. आत रांगेत उभ्या गाड्या कितीही खुणावत असल्या तरी नाही. त्यापेक्षा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा, सकाळी निघून संध्याकाळी परत येता. तिथे लष्करी गाडीचं पहिलं आयुष्य नीट बघून घ्या. आणि कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं नसेल तर पुणेकर म्हणवू नका. प्रमाण वेगळं, १/८७, पण जमीन, घरं आणि माणसं कशी मांडायची ते तिथे शिकावं.

डिस्पोजलच्या गाड्यांचं जगात आणखी काय काय झालंय?

इथे थांबणं मला अवघड जातं.

फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्यानं मागे ठेवलेल्या जीपा लोकांनी लांबवल्या, मागे दोन समोरासमोर बाक टाकले, वर छप्पर चढवलं आणि जीपनी तयार झाली. आपल्या वडापची चकचकीत मावसबहीणच म्हणा. तिच्यावर क्रोमचे घोडे असतात, आपल्या वडापवर 'आईचा आशीर्वाद'.

डीयूकेडब्ल्यू नावाचा पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा ट्रक युद्धात एकवीस हजारांवर बनला. १९४६ पासून अमेरिकेत विस्कॉन्सिन डेल्सला तो पर्यटकांना नदीत फिरवू लागला. इटालेरीचा १/३५ किट आहे. राखाडी-हिरव्या कुळातली ही गाडी पिवळीधमक करताना हात थरथरतो, पण करून बघा.

ब्रिटिश सरकारनं युद्धानंतर टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची प्रचंड योजना काढली. जंगल साफ करायला ट्रॅक्टर पुरेनात, म्हणून व्हिकर्सनं शर्मन रणगाड्याच्या भागांपासून शेर्विक नावाचा ट्रॅक्टर बनवला. योजना १९५१ मध्ये गुंडाळली गेली. शर्मनचा अर्धवट राहिलेला किट कपाटात असेल तर त्याला मोक्ष द्यायला याहून चांगली वाट नाही. कॅनडात शर्मनवरच खडक फोडायची ड्रिलं आणि लाकडाचे ओंडके ओढायची यंत्रं चढवली गेली.

हंगेरीच्या लोकांनी टी-३४ रणगाड्याच्या सांगाड्यावर मिग-२१ ची दोन जेट इंजिनं बसवली आणि त्यांच्या झोतात पाणी सोडून १९९१ मध्ये कुवेतच्या जळत्या तेलविहिरी विझवल्या. 'बिग विंड' म्हणतात त्याला. मी ते लाल रंगात अर्धं केलंय, इंजिनं एका मोडक्या मिग-२१ च्या मॉडेलची. प्रमाण जुळत नव्हतं, १/४८ चं इंजिन १/३५ वर. म्हणून अर्धंच आहे.

बर्फावरची वीझल ही पट्ट्यांची छोटी गाडी फ्रेंच संशोधक पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या मोहिमेनं १९४८ पासून ग्रीनलँडमध्ये वापरली. आणि आपल्याकडे कांस गवतानं माजलेली मध्य भारतातली जमीन नांगरायला केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, तेव्हा सुरुवातीचे ट्रॅक्टर अमेरिकन सैन्य मागे ठेवून गेलेले होते. मिनीआर्टचा डी-७ ट्रॅक्टर, उंच वाळलेलं गवत, पागोटं बांधलेला चालक. हा डायोरामा, म्हणजे छोटा देखावा, कोणीतरी करा. मी केला तर तुम्हाला वाट बघावी लागेल.

डायोरामासाठी सोपी कल्पना सुचवा.

विलीजची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं खाली उतरून सीट उचलायची. म्हणून पंपावर उभी जीप, उचललेली सीट, शेजारी धोतर सावरत उभा मालक आणि मागच्या फळीवर बसून राहिलेली, अजिबात न उतरणारी आजी. ड्रायव्हर आणि पंपवाला धरून चार मूर्ती, एक गाडी. पाच फूट सहा इंचांचा माणूस १/३५ मध्ये ४८ मिलिमीटरचा होतो, त्यावरून आजी बेता.

जमिनीसाठी शाडू वापरलात तर वाळताना तडा जातो. उन्हाळ्यातल्या शेताला तो तडा हवाच आहे, डांबरी रस्त्याला नको. रस्त्याला बारीक सँडपेपर.

खेळण्यातली पुल-बॅक जीप चालेल का?

चालेल. लहान मुलांना तर तीच द्या. फक्त चाकं बदला.

पावसाळ्यात काम करायचं का?

जुळणी करा, रंग करा, पण क्लिअर कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, थांबवा. जुलैच्या हवेत तो धुरकट पांढरा होतो, आणि मग हिरवा-निळा सगळा खेळ धुक्याआड.

घरात वास येतो म्हणून ओरडा पडतो.

बरोबरच पडतो. खिडकी उघडा, मास्क लावा, आणि स्वयंपाकघरातली वाटी रंगाला नेऊ नका. एकदा नेलेली परत ठेवूही नका.

मॉडेल कशाला, लिलावातून खरीच घेऊ का?

लष्कराच्या बाद गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात येतात. घ्यायची तर आधी कागद बघा, मग गाडी. लिलावाची कागदपत्रं, आरटीओतली नोंद, इंजिन बदललं तर त्याची परवानगी, आणि रंग तर बदलायचाच. आमच्यातल्या एकानं घेतली. दोन वर्षं झाली, ती त्याच्या मामाच्या शेतात आंब्याखाली उभी आहे. तो दर महिन्याला जाऊन तिचे फोटो आणतो आणि आम्ही त्यावरून गंज रंगवतो.

पिरंगुटच्या जीपचं मॉडेल पूर्ण झालं का?

झालं, गिरणीसकट. बिजागरीतली खळ खऱ्या पिठाचीच केली आहे. नेऊन दाखवलं. मालकांनी चष्मा लावला, सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "पहार डावीकडंच हाय. बरुबर. पन आता म्या ती काढली, पोरगं उचलून खेळायचं." मग आत गेले आणि गिरणी सुरू केली.